चाकांवरचे घर आणि बोटभर फट

गेल्या आगमनकाळात काही कामानिमित्त आम्हांस हैदराबादेस जावे लागले. रामंतापूर येथील सेमिनरीतील काम सकाळीच आटोपले. परतीची आगगाडी रात्रीची होती, त्यामुळे दुपार मोकळी मिळाली. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब दोन पिढ्यांपूर्वी त्या शहरी गेले व चिक्कडपल्लीत स्थायिक झाले. घरच्या आजीबाई दर नाताळास आम्हांस न चुकता पत्र धाडतात. पूर्वी त्या स्वतः लिहीत, आता नातीकडून लिहवून घेतात. त्यांची भेट घ्यावी या हेतूने आम्ही रिक्षा केली व चिक्कडपल्लीच्या मोठ्या ग्रंथालयापाशी उतरलो.

उतरताच एक चमत्कारिक दृश्य नजरेस पडले. रस्त्याच्या कडेस एक उंच पांढरी मोटार उभी होती. तिला घरासारख्या खिडक्या होत्या व खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे होते. शेजारच्या गल्लीतून त्या मोटारीकडे माणसांची रांग लागली होती. कोणाच्या डोक्यावर गादी, कोणाच्या काखेत लोणच्याची बरणी, कोणाच्या हाती पाण्याची कळशी. कोणी बिऱ्हाड हलवीत असावे असे आम्हांस वाटले. इतक्यात रांगेतील एक मुलगी हातातील टोपले खाली ठेवून धावत आली आणि म्हणाली, "फादर, तुम्ही? बरे झाले आलात! नाताळची मिस्सा झाली की दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कॅरॅव्हॅनने निघणार आहोत. आज सामान कसे बसते ते पाहतो आहोत."

ही पत्र लिहिणारी नात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी कॅरॅव्हॅन पाहिली नसेल, म्हणून थोडे सांगतो. जिच्यात निजावयास फळ्या, स्वयंपाकास ओटा, पाण्याची टाकी आणि बहुधा शौचकूपही असते अशी ही मोटार होय. मुक्काम पडेल तेथे हेच घर. आपल्याकडे या प्रवासाची हौस अलीकडची आहे. महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ साली जाहीर केले. विलायतेत मात्र ही कल्पना जुनी. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरांनी १८८५ साली केवळ सहलीसाठी दोन घोड्यांची एक घरगाडी बांधून घेतली, तिचे नाव 'वाँडरर' म्हणजे भटकी असे ठेविले आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात ते तिच्यातून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. उन्हाळ्यात, हे ध्यानी घ्यावे. त्या थंड मुलुखात हिवाळा आला की बहुतेक लोक अशा गाड्यांच्या टाक्या रिकाम्या करून त्या उभ्या करून ठेवतात.

आपल्या दख्खनेत याच्या नेमके उलट. पाऊस सरला, चिखल वाळला, नद्यांना उतार झाला की आपला प्रवासाचा काळ सुरू होतो. 'कारवाँ' हा मूळचा फारसी शब्द इंग्रजांनी नेला आणि 'कॅरॅव्हॅन' करून परत आणला. खुद्द हैदराबादेत गोवळकोंड्याच्या वाटेवर 'कारवान' नावाची वस्ती आजही आहे. व्यापाऱ्यांचे तांडे तेथे उतरत. धान्य व मीठ बैलांच्या पाठीवर लादून लमाण्यांचे तांडे याच पठारावरून सहकुटुंब फिरत, आणि पावसाळ्यात एके ठिकाणी थांबत. तेव्हा हिवाळ्यात घर घेऊन निघणे ही गोष्ट आपल्या मातीस परकी नाही. नवीन आहे ती फक्त मोटार.

आम्ही गल्लीतून घरी गेलो. आजीबाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. यजमान लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात होते, ते जाऊन बारा वर्षे झाली. दम्याने आजीबाईंचे शरीर वाळले असले तरी दृष्टी आणि जीभ दोन्ही शाबूत. चहा झाला. चिरंजीवांनी भिंतीवर नकाशा लावून आम्हांस बेत समजावून दिला. जहीराबाद, हुमनाबाद, नळदुर्ग करीत सोलापूर गाठावयाचे. ते सुमारे तीनशे किलोमीटर. तेथून करमाळ्याच्या वाटेने नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, आणि तेथून प्रवरेकाठी लोणी. जाऊन येऊन आठ दिवस. माणसे पाच.

"लोणीच का?" आम्ही सहज विचारले. प्रवरानगरचा साखर कारखाना तेथे आहे हे आम्हांस ठाऊक होते. सहकारी तत्त्वावरचा आशियातील तो पहिला कारखाना, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने उभा राहिलेला आणि १९५०-५१ च्या हंगामात सुरू झालेला. परंतु सहलीस जाण्याचे ठिकाण म्हणून त्याचे नाव कोणी घेतलेले आम्ही ऐकले नव्हते.

चिरंजीव म्हणाले, "आईच्या मनात आहे. का ते सांगत नाही. म्हणाली, न्यायचेच असेल तर तेथे न्या."

आजीबाई काही बोलल्या नाहीत. आम्हीही आग्रह केला नाही.

मग तयारी पाहावयास पुन्हा मोटारीकडे गेलो. या गृहस्थांनी बऱ्याच गोष्टी विचारपूर्वक केल्या होत्या हे कबूल केले पाहिजे. प्रथम त्यांच्या मनात आपल्याच मालवाहू टेम्पोत फळ्या ठोकून घर करावे असे आले होते. शेजारच्या एका जाणत्याने त्यांस वेळीच सांगितले की मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत मन मानेल तसा बदल करता येत नाही, आणि मालाच्या गाडीच्या पाठीमागे माणसे बसविणे तर मुळीच कायदेशीर नाही. अपघात झाल्यास विमाही हात वर करतो. म्हणून त्यांनी कॅरॅव्हॅन म्हणूनच नोंदलेली गाडी चालकासह भाड्याने ठरविली. हे उत्तम केले.

दुसरी गोष्ट नकळत साधली. गल्ली अरुंद असल्यामुळे गाडी दारापर्यंत येईना. प्रत्येक वस्तू हातांनी वाहून न्यावी लागली, आणि तीन खेपांतच सर्वांना उमगले की तांदळाचे पोते, मिक्सर आणि पाटा यांची आठ दिवसांस गरज नाही. चाकांवरच्या घराला वजनाचा हिशेब असतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, झाली दीड माणसे. जड वस्तू खाली आणि दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या मध्ये ठेवाव्यात, हलक्या वर ठेवाव्यात. वरच्या फडताळात बरण्या भरल्या तर वळणावर गाडी झोलते आणि दार उघडून बरणी डोक्यावर येते. ज्या गृहिणीस गाठोडे बांधता येते तिला हे निराळे शिकवावे लागत नाही. सूनबाईंनी बरण्या परत पाठविल्या आणि लोणचे एका डब्यात घेतले.

इथवर सर्व ठीक होते. आत शिरलो आणि थबकलो.

खिडक्यांच्या सर्व फटींत स्पंज कोंबून वरून चिकटपट्टी लावली होती. छपरातील वाऱ्याच्या झडपेवर जाड पुठ्ठा बसविला होता. दाराच्या खालच्या बाजूस, जमिनीलगत, लोखंडी जाळीचे एक भोक होते, तेही गोणपाटाने बुजविले होते. आणि आजीबाईंच्या फळीखाली एक नवी कोरी लोखंडी शेगडी व कोळशांची पिशवी ठेवली होती.

चिरंजीव मोठ्या समाधानाने म्हणाले, "आईला दमा आहे, फादर. शहरात थंडी ती काय! पण जहीराबादेपलीकडचा माळ रात्री गोठवतो. कोहीरला, बिदरला पारा दहाच्या खाली जातो. म्हणून एक फट ठेवली नाही. रात्री तासभर शेगडी पेटविली की गाडी सकाळपर्यंत उबदार राहील."

वाचकहो, पुत्राचे मातेवरील प्रेम त्या गाडीच्या फटीफटींतून दिसत होते. आणि त्याच प्रेमाने त्या पाच जणांचा मृत्यू गाडीत आणून ठेविला होता. हे आम्ही अलंकारिक भाषेत बोलत नाही. आम्ही त्या वाटेने अर्धे अंतर स्वतः जाऊन आलो आहोत.

दीक्षाविधीनंतरचे आमचे पहिलेच वर्ष होते. जानेवारीत एका खेड्यात मुक्काम पडला. निजावयास एक लहानशी खोली मिळाली. तेथील धर्मशिक्षक वयोवृद्ध व अत्यंत प्रेमळ. नव्या फादरांस थंडी बाधू नये म्हणून त्यांनी घमेल्यात फुललेले निखारे आणून खोलीत ठेविले, खिडकीला पोते लावले आणि दार ओढून घेतले. निखाऱ्यांस धूर नव्हता, वास नव्हता. आम्ही सुखाने झोपी गेलो. मध्यरात्री केव्हातरी जाग आली ती डोके फुटेल अशा वेदनेने. उठू गेलो तर पाय आपले नाहीतच असे वाटले. मळमळत होते, आणि त्याहून भयंकर म्हणजे पुन्हा पडून राहावे अशी एक गोड गुंगी येत होती. परमेश्वराची कृपा म्हणून घागरीतले पाणी प्यावे असे मनात आले आणि घागर दाराशी होती. सरपटत दारापर्यंत गेलो, दार ढकलले आणि उंबऱ्यावरच पडलो. थंड वाऱ्याने आम्हांस वाचविले. ज्या थंडीपासून आमचे रक्षण करावयाचे होते तीच थंडी रक्षणास आली.

याचे कारण सोपे आहे, आणि प्रत्येक घरात ते माहीत असले पाहिजे. कोळसा, लाकूड, रॉकेल, गॅस, डिझेल यांपैकी काहीही अपुऱ्या हवेत जळले की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील ज्या द्रव्यावर प्राणवायू वाहिला जातो, त्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, परंतु प्राणवायूस बसावयास जागाच उरत नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, मग गुंगी, आणि झोपेतला मनुष्य त्या गुंगीतून उठतच नाही. निखारे धुरकट नसले की ते निरुपद्रवी असतात ही समजूत सर्वांत घातकी होय.

आम्ही चिरंजीवांस दोन घटना सांगितल्या. २०२० सालच्या जानेवारीत केरळातील आठ प्रवासी नेपाळमधील दामन या थंड गावी उतरले होते. त्यांत चार बालके होती. थंडीमुळे त्यांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या व खोलीत गॅसची शेगडी चालू ठेविली. सकाळी त्यांतील कोणी उठले नाही. दुसरी घटना तर कॅरॅव्हॅनचीच. २०२४ सालच्या डिसेंबरात केरळातील वडकराजवळ रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन पुरुष मृत आढळले. वातानुकूलनासाठी चालू ठेवलेल्या जनित्राचा विषारी वायू आत शिरला होता असे तपासात निघाले. म्हणजे शेगडी आतच हवी असेही नाही. गाडी उभी करून ऊब किंवा गारव्यासाठी इंजिन वा जनित्र चालू ठेवून निजणे तितकेच धोक्याचे.

चिरंजीव मुकाट्याने ऐकत होते. मग म्हणाले, "पण फादर, फट उघडी ठेवली आणि रात्रीत आईला दम्याचा झटका आला, तर रानात डॉक्टर कोठून आणू? वाऱ्याने मेली तर तो दोष माझाच ना?"

प्रश्न खरा होता. त्यास आम्ही काय उत्तर द्यावे याचा विचार करीत असतानाच मागून आवाज आला. आजीबाई नातीच्या हाताला धरून गल्लीतून चालत आल्या होत्या. गाडीच्या पायरीपाशी उभ्या राहून त्यांनी आत पाहिले, शेगडी पाहिली, गोणपाट पाहिले, आणि म्हणाल्या, "काय रं, गाडीत कुणी इस्तू ठेवतं व्हय?"

"आई, तुझ्यासाठीच ठेवला."

"माझ्यासाठी? मी आठ वर्षांची असताना बैलगाडीतनं हिवाळा काढलाय. तवा बी कुणी गाडीत इस्तू ठिवला न्हाई."

मग त्या पायरीवर बसल्या आणि जे सांगू लागल्या ते त्यांच्या घरात कोणी ऐकलेले नव्हते.

त्यांचे माहेर बीड जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातले. दिवाळी झाली की त्यांचे आईवडील गाडीला बैल जुंपून ऊसतोडीस निघत. गाडीत भांडी, जोंधळ्याचे पोते, कोयते, वाकळी आणि मुले. सात-आठ दिवसांची वाट. प्रवरेच्या कारखान्याजवळ शेताच्या बांधावर पाचटाची कोपी उभी राहावयाची आणि उन्हाळा लागेपर्यंत तेच घर. पहाटे तीनला आईवडील फडावर जात. धाकट्या भावाला सांभाळीत ही आठ वर्षांची मुलगी कोपीत राही. "शाळा तितंच सुटली माझी," त्या म्हणाल्या. "लिहाय-वाचायला मी लग्नानंतर शिकले, तुझ्या बापाकडनं."

"मग हे कधी सांगितले का नाहीस, आजी?" नातीने विचारले.

"काय सांगायचं? तुमी शेरातली लेकरं. ऊसतोडीवाल्याची लेक म्हनून सांगू?"

कोणी काही बोलेना. रस्त्यावरून बसगाड्या जात होत्या. आजीबाईंनी लुगड्याच्या पदराने शेगडीवरची धूळ पुसली, उगाचच, आणि पुढे सांगितले की थंडी कशी काढीत. विस्तव कोपीबाहेर, दहा पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगास. कारण पाचट पेटते. त्यावर दगड तापवावयाचे, विस्तव विझवावयाचा, मग तापलेले दगड फडक्यात गुंडाळून अंथरुणात पायांशी घ्यावयाचे. खाली आधी कडबा, मग पोते, मग वाकळ. पांघरूण एक कमी असले तरी चालेल, अंथरूण कमी नको, कारण थंडी जमिनीतून वर येते. आणि कोपीच्या तोंडाला कधी पोते पुरते लावावयाचे नाही. बोटभर वाट ठेवावयाची. "माझी आई म्हनायची, माणसानं माणसाला ऊब द्यावी, कोंडू नये."

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान मिळून कित्येक वर्षे अध्ययन केले. पुत्राच्या प्रश्नास जे उत्तर आम्ही शोधीत होतो ते त्या माउलीच्या त्या एका वाक्यात होते. हवा तापवावयाची नाही, माणूस तापवावयाचा. हवा तापवावयाची म्हटले की कोंडावी लागते. माणूस तापवावयाचा तर फट उघडी ठेवूनही तापविता येतो.

त्या दुपारी गाडीची तयारी नव्याने झाली. ज्या वाचकांस अशा प्रवासाचा योग येईल, किंवा जे यात्रेस जाताना टेम्पोत अथवा बसगाडीत रात्र काढतील, त्यांच्या उपयोगासाठी ती येथे नमूद करितो.

स्पंज, पुठ्ठा व गोणपाट काढून टाकले. दाराखालचे जाळीचे भोक कशासाठी असते हे चालकाने समजावले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो, तो त्या भोकातून बाहेर पडावयाचा असतो. म्हणून खालचे भोक व छपराची झडप दोन्ही उघडी हवीत, म्हणजे खालून ताजी हवा येते व वरून दमट हवा जाते. निजलेल्या माणसांच्या श्वासातून रात्रभर पुष्कळ वाफ निघते. गाडी बंद असली की ती थंड पत्र्यावर जमून पाण्याचे थेंब होतात, अंथरूण ओलसर होते आणि दमेकऱ्यास नेमका त्याचाच त्रास होतो. चिरंजीवांच्या भीतीचे उत्तर येथेही मिळाले. फट बुजविल्याने दमा टळत नाही, वाढू शकतो. फक्त थेट झोत अंगावर येऊ नये म्हणून आजीबाईंची फळी झडपेपासून दूर, आतल्या कोपऱ्यात केली. त्यांचे फवाऱ्याचे औषध उशाशी आणि त्याचा एक जादा संच चालकापाशी ठेविला. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांस एकदा दाखवून घ्यावे असेही ठरले.

शेगडी व कोळसा घरी परत गेले. त्याऐवजी रबरी गरम पाण्याच्या पिशव्या आल्या. तापल्या दगडाचीच ती शहरी आवृत्ती. खाली घोंगडी, वर गोधडी व सोलापुरी चादर, कानास लोकरी टोपी, पायांत मोजे. स्वयंपाक शक्यतो गाडीबाहेर, आणि आत करणे भाग पडल्यास दार उघडे ठेवून, झोपण्यापूर्वी बराच वेळ आधी संपवून. टाकीचा गॅस तिच्या बाहेर उघडणाऱ्या खणात, उभा, बांधलेला, आणि रात्री त्याची कळ बंद. विषारी वायू साचल्यास किंचाळणारे एक लहानसे विजेरीचे यंत्र बाजारात मिळते. नातीने ते मागविले. आग विझविण्याचे नळकांडे दारापाशी हाताला लागेल असे टांगले.

शेवटची गोष्ट रस्त्याची. हिवाळा हा जसा प्रवासाचा तसाच ऊस गाळपाचा हंगाम. सोलापूर व नगर जिल्ह्यांच्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर चालतात. मागे दोन-दोन ट्रेलर, ऊस बाजूंनी बाहेर आलेला, आणि कित्येकदा मागे ना दिवा ना चकाकती पट्टी. पहाटे धुके असले म्हणजे ते अगदी जवळ येईतो दिसत नाहीत. म्हणून आम्ही सुचविले की सूर्य वर आल्यावर निघावे आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावा, तोही निर्जन माळावर न करता वस्तीजवळ, परवानगी विचारून. गाडी चालू असताना कोणीही फळीवर निजू नये, प्रत्येकाने आसनावर पट्टा बांधून बसावे.

आजीबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "उसाची गाडी दिसली तर भोंगा वाजवू नगा. बैल बुजत्यात." मग आठवून हसल्या, "आता टॅक्टर असत्यात न्हाई का." आणि हळूच पुढे, "पर काही बैलगाड्या अजून असत्यात."

असतात. आजही दरवर्षी बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी घर सोडतात. कोप्यांत आजही लेकरे आहेत, आणि कित्येकांची शाळा आजही तितंच सुटते. एका कुटुंबाने हौसेने भाड्याने घेतलेल्या घरगाडीच्या वाटेवर दुसऱ्या कुटुंबाची पोटासाठी निघालेली घरगाडी लागणार होती. हे तेथे कोणी बोलून दाखविले नाही. परंतु आम्ही पाहिले की सूनबाईंनी परत पाठविलेल्या तांदळाच्या पोत्याकडे एकदा बघितले, आणि वजनाचा हिशेब पुन्हा करून त्यातील दहा किलो तांदूळ व मुलांच्या लोकरी कपड्यांचे एक गाठोडे गाडीत ठेविले. कोणासाठी, हे आम्ही विचारले नाही.

निघताना त्यांनी गाडीला आशीर्वाद देण्याची विनंती केली. आम्ही तीर्थ शिंपडले. ते शिंपडताना मनात आले की आशीर्वादाने झडपेचे काम होत नाही. ते आपल्याच हातांनी करावयाचे असते.

नाताळ झाला. २६ तारखेस ते निघाले. २७ च्या सकाळी नळदुर्गाहून नातीचा दूरध्वनी आला. बोरी नदीच्या काठचा तो किल्ला व त्यातील पाणीमहाल पाहण्यासाठी त्यांनी तेथे मुक्काम केला होता. रात्र कशी गेली, आम्ही विचारले. ती म्हणाली, "थंडी होती, फादर. बाबा तीनदा उठले. पहिल्यांदा आजीचे पाय गार आहेत का ते पाहिले. दुसऱ्यांदा पाण्याची पिशवी बदलली. तिसऱ्यांदा उठून झडप लावावी की काय म्हणून हात वर नेला, तर आजी अंधारातून म्हणाली, 'राहू दे रं, चांदनी दिसतीय.'"

वाचकहो, आमचे घर चाकांवरचे असो की विटांचे, हिवाळ्यात तेथे विस्तव व माणसे एकाच बंद दारामागे निजत असतील तर आज रात्रीच उठून पाहा. कोठे पोते लावले असेल ते काढा. विस्तव अंगणात न्या. म्हाताऱ्यांच्या अंथरुणात एक घोंगडी अधिक घाला, आणि त्यांस विचारा की त्यांच्या लहानपणी थंडी कशी काढीत. कदाचित तेथेही एखादी फट अनेक वर्षे बुजलेली असेल, आणि तिच्यातून बोलावयाचे कोणी थांबून राहिले असेल.